वरच्या खाचरात

२ सप्टेंबर १९७७

लीलावहिनी,

तुम्हाला आणि दादाला जयभीम. आईच्या पायांवर डोकं.

तुमचं निळं पत्र परवा पोचलं. नेहमीप्रमाणे आधी तळाशी पाहिलं, आईचा अंगठा आहे ना याची खात्री केली आणि मग वरून वाचायला घेतलं. तव्याच्या काजळीतला तो ठसा आणि त्यातून तिरकी गेलेली, विळ्याच्या जुन्या व्रणाची पांढरी रेघ. अमेरिकेत येऊन मला तेरा महिने झाले, पण हिर्डोशीचं घर डोळ्यांपुढे यायला अजून तेवढंच पुरतं. फक्त या खेपेला पत्राला फार उशीर झाला. तुम्ही लिहिता की आई लावणीत अडकली होती, म्हणून अंगठ्यावाचून पत्र आठ दिवस फळीवर पडून होतं. त्यावर एक युक्ती सुचवतो. चार-पाच कोऱ्या पत्रांच्या तळाशी तिचे अंगठे एकदमच घेऊन ठेवा. मग सवड होईल तसा तुम्ही वर मजकूर लिहा.

आता माझं रडगाणं. विद्यापीठ माझी फी भरतं, जेवायखायला देतं, त्याबदली मी कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेत काम करतो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्या कॉम्प्युटरवर युनिक्स नावाची व्यवस्था चालते. आईला समजेल असं सांगतो. भोरच्या कचेरीत साहेबाला कुणी थेट भेटतं का? दाराशी पट्टेवाला बसतो. आपण त्याला काम सांगायचं, तो आत जाऊन करून आणणार. युनिक्सच्या दाराशी असाच एक पट्टेवाला असतो, त्याला शेल म्हणतात. आपण टाइप केलेला हुकूम तो घेतो, आतून काम करून आणतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघत बसतो. या उन्हाळ्यात प्रोफेसरांनी त्या शेलमध्ये सुधारणा करायला मला सांगितलं. लांबलचक हुकमाला एक छोटं टोपणनाव द्यायचं, टोपणनाव टाइप केलं की शेलनं त्याचा पुरता हुकूम उघडून घ्यायचा, अशी सोय मी करून दिली. शाबासकीही खाल्ली.

आणि गेले दोन आठवडे हा पट्टेवाला बसल्या जागी मरतो आहे. कुणी साधी आजची तारीख विचारतं आणि उत्तराऐवजी पडद्यावर मेल्याची खबर उमटते. काम अर्धवट तुटतं, माणूस बाहेर फेकला जातो. दिवसातून सहा वेळा, कधी दहा वेळा. चाळीस जण ते यंत्र वापरतात आणि चाळीसही जण माझ्याकडे बघतात. मरताना शेल मागे एक फाइल टाकून जातो, तिचं नाव कोअर. मरतेवेळी त्याच्या डोक्यात काय काय होतं ते सगळं आकड्यांत. पंचनामाच म्हणा. तो कागदावर छापून मी रोज वाचतो. अजून काही हाती लागलेलं नाही.

वहिनी, मला भीती वाटते आहे. दादाला सांगू नका.

तुमचा,
जगन

*

२० सप्टेंबर १९७७

जगनभावजी,

जयभीम. पत्र मोठ्यानंच वाचलं, त्यामुळे दादांना सांगू नका हेसुद्धा दादांनी ऐकलं. ते म्हणाले, "भ्या वाटतंय तर वाटू दे की. म्या बैल पहिल्यांदा धरला तवा मलाबी वाटलं हुतं." तेव्हा तुम्ही निर्धास्त भ्या.

इतकं शिकून, विमानात बसून, शेवटी तुमच्या नशिबी पट्टेवाल्याची सेवाच आली म्हणायची. शेजारची साळूबाई ऐकायला बसली होती. तिला वाटलं, खराच कुणी म्हातारा शिपाई मेला. डोळ्याला पदर लावला बिचारीनं. आत्याबाईंचं मात्र ध्यान नीट होतं. म्हणाल्या, "दिसातनं धा येळा मरून पुन्यांदा उठतोय न्हवं? मग मरत न्हाई त्यो. कायतरी खुपतंय त्याला."

तुमच्या युक्तीवरून मात्र घरात रामायण झालं. मी नुसतं म्हटलं, आत्याबाई, चार कोऱ्या पत्रांवर अंगठे द्या म्हणतोय. त्या ताटावरून उठल्या. "कोऱ्या कागदावर? माझ्या सासऱ्यानं येकदा दिला हुता कोऱ्यावर अंगठा. वरचं खाचर गेलं गेनबाच्या बापाला. मेले तरी म्या देणार न्हाई. आधी वाचून दाव, मग अंगठा." तुम्ही त्यांचे लाडके असाल, पण तुम्हालाही त्यांनी शिव्या घातल्या. कोणत्या, ते इथे लिहीत नाही, पत्र टपालानं यायचं आहे.

इथली खबर म्हणजे आपल्या खालच्या खाचराचा बांध तीन वेळा फुटला. ऐन भात पोटरीत आलेलं. दादांनी तीनदा दगड-माती घालून बांधला, तीनदा त्याच जागी फुटला. दादा बांधाला शिव्या देत बसले. शेवटी आत्याबाई भर पावसात इरलं घेऊन वर गेल्या, गेनबाच्या खाचरात. बघतात तर त्यानं पाणी काढून द्यायचं तोंडच गवतानं बुजवून टाकलेलं. वर पाणी मावेना, ते बांधावरून सांडून आपल्या खाचरात पडे आणि आपला बांध फोडून जाई. आत्याबाईंनी हातानं ते तोंड मोकळं केलं. गेनबाला जे सुनावलं ते पार वरंध घाटात ऐकू गेलं असेल. त्यानंतर बांध फुटला नाही. त्या भिजल्या मात्र फार, आणि तेव्हापासून खोकतात. आल्याचा काढा देते आहे.

अंगठा खाली आहे. मजकूर वाचून दाखवूनच घेतला आहे.

लीला

*

८ ऑक्टोबर १९७७

वहिनी,

जयभीम.

पत्र मिळालं. सगळं ठीक चाललंय हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललेलं नाही.

प्रोफेसरांनी काल बोलावून घेतलं. दार लावून बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर. पंधरा डिसेंबरला मी त्यांना शेल न पडता चालवून दाखवायचा. नाहीतर जानेवारीपासून माझी जागा दुसऱ्याला. जागा गेली की फी गेली, फी गेली की विद्यार्थी म्हणून इथे राहायची परवानगी गेली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फार सभ्यपणे बोलले.

मी काय काय करून पाहिलं ते लिहितो, दुसऱ्या कुणापाशी बोलायची सोय नाही. आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. यंत्र ठीक आहे. मग जुना शेल लावला, तो पडत नाही. म्हणजे खोट माझ्याच कामात. दररोज कोअरचे आकडे छापून मी मेल्याची जागा शोधतो, आणि तो दरवेळी एकाच जागी मेलेला असतो, जिथे तो पुढचा हुकूम उचलतो तिथे. ती जागा मी पन्नास वेळा वाचली. सरळ, साध्या चार ओळी. त्यांत काही खोट नाही. मी त्या पुसून दुसऱ्या रीतीनं लिहिल्या. पुन्हा तिथेच मेला. आणखी दोनदा लिहिल्या. तिथेच.

मग मरण्याआधी काय होतं ते कळावं म्हणून मधे एक ओळ घातली, की इथे आलास की पडद्यावर छाप. वहिनी, ती ओळ घातली की तो पडत नाही! दिवसभर चालतो. ओळ काढली की तासाभरात मेला. बघायला गेलं की शहाणा, पाठ फिरवली की मुडदा. मला वेड लागायचं बाकी आहे. जेवायला बसलो तरी ते आकडे पानात दिसतात. काल रस्त्यात एकटाच मराठीत मोठ्यानं भांडत होतो, लोक बाजूला झाले.

मला हे जमणार नाही. इथे सगळे माझ्याहून हुशार आहेत. मी चुकून आलो. आईला विचारा, परत येऊ का? भोरला एखादी मास्तरकी मिळेल. ती ये म्हणाली तर मी पंधरा डिसेंबरची वाट बघणार नाही, मिळेल त्या विमानानं निघतो. तिचं उत्तर लवकर कळवा. अंगठ्यासकट.

जगन

*

२९ ऑक्टोबर १९७७

जगनभावजी,

जयभीम.

आत्याबाईंचं उत्तर आधी लिहिते. येऊ नका.

तुमचं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनीच वाचायला लावलं. पडल्या पडल्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोप लागली. तर एकदम म्हणाल्या, "त्येनं माझं खाचराचं वाचलं न्हाई वाटतं." मी पुन्हा बघितलं, खरंच तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. भावजी, मी अर्धं पत्र खर्चून ते लिहिलं होतं.

मग त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, मला तुमच्या यंत्रातलं काही कळत नाही. "त्याला म्हणावं, जितं फुटलं तितंच काय बघत बसलाईस? सोपानानंबी त्येच केलं, तीनदा बांध घातला. फुटलं खाली, पर पाणी सांडतंय वरनं. वर जाऊन बघ. वरच्या खाचराचं तोंड बुजलंय का बघ. आन त्ये खाचर कुणाचं हाय त्येबी बघ." एवढं बोलून दम घेतला आणि म्हणाल्या, "आन त्याला म्हणावं, चुकून कुणी इमानात बसत न्हाई. म्या बसवलाय."

तेव्हा रडगाणं पुरे. पंधरा डिसेंबरपर्यंत दुसरा विचार मनात आणायचा नाही. घरची काळजी करायची नाही. भात चांगलं आलं आहे, कापणी चालू आहे. त्यांचा खोकला थांबला आहे.

दादांनाही तुमची आठवण येते. ते हल्ली कमी बोलतात. कामं फार आहेत.

अंगठा खाली आहे.

लीला

*

१५ नोव्हेंबर १९७७

वहिनी! दादा! आणि सगळ्यांच्या आधी आई!

सापडलं. सापडलं. सापडलं.

हे पत्र आईला पुढ्यात बसवून, सावकाश वाचून दाखवा. तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी चिडलो. म्हटलं, मी इथे बुडतोय आणि यांना भाताची खाचरं दिसतात. दोन दिवस पत्र उशाशी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी, करायला दुसरं काहीच उरलं नाही म्हणून, मी मेल्याची जागा सोडून दिली आणि यंत्राच्या स्मृतीत त्या जागेच्या शेजारी, वरच्या अंगाला, कोण राहतं ते बघायला गेलो.

आई, तिथे वरचं खाचर होतं. आणि ते गेनबाचं नव्हतं. माझंच होतं.

टोपणनावाचा पुरता हुकूम उघडला की तो ठेवायला मी तिथे जागा करून दिली होती. ऐंशी अक्षरांची. कारण पडद्यावर एका ओळीत ऐंशीच अक्षरं मावतात. वाटलं, याहून लांब कोण लिहिणार? आणि जास्त झालं तर काय, याचा विचारच केला नाही. पाणी काढून द्यायचं तोंडच ठेवलं नाही. कुणी चार अक्षरांचं टोपणनाव टाइप करतं, त्याचा उघडून शंभर अक्षरांचा हुकूम होतो, वरची वीस अक्षरं बांधावरून खालच्या जागेत सांडतात. त्या खालच्या जागेत, पुढचा हुकूम कुठून उचलायचा, ते शेलनं टिपून ठेवलेलं असतं. सांडलेली अक्षरं त्या टिपणावर पडून ते बिघडतं. त्या वेळी काहीच होत नाही. मग पुढे कुणी साधी तारीख विचारली की शेल टिपण बघतो, भलत्याच पत्त्यावर जातो आणि तिथे मरतो. मी मधे छापायची ओळ घातली की सगळ्यांच्या जागा थोड्या सरकत आणि सांडलेलं पडीक जागेत पडे, म्हणून त्या वेळी तो मरत नसे. अडीच महिने मी खालचा बांध घालत होतो!

आता ऐंशी अक्षरं झाली की शेल थांबतो आणि 'ओळ फार लांब झाली' असं सांगतो. तोंड ठेवलं. आज पाच दिवस झाले, एकदाही पडला नाही. सगळ्यांनी येऊन पाहिलं. एकानं विचारलं, तुला कसं सुचलं? मी म्हटलं, माझ्या आईला सुचलं, ती शाळेत गेलेली नाही. त्याला थट्टा वाटली.

पंधरा डिसेंबरला प्रोफेसरांना रीतसर दाखवायचं, की झालं. वहिनी, पुढच्या पत्रात आईचा अंगठा जरा जागा सोडून, ठसठशीत घ्या. तो मी चौकटीत घालून टर्मिनलच्या वर टांगणार आहे. आणि मी तिला शहाणी म्हटलं तर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहा.

तुमचा,
जगन

*

२ डिसेंबर १९७७

जगनभावजी,

जयभीम. पत्र पोचलं. मोठ्यानं वाचलं. दादा ऐकून बाहेर गेले आणि अंगणात उभे राहिले. आनंद झाला.

भात झोडून झालं. नाचणी काढली. थंडी पडली आहे.

पंधरा तारखेला साहेबांना दाखवलंत की त्याच दिवशी मला पत्र टाका. एक दिवसही लावू नका. मग मी सविस्तर लिहीन. आज वेळ नाही.

अंगठा खाली आहे.

लीला

*

१७ डिसेंबर १९७७

वहिनी,

परवा प्रोफेसरांनी दोन तास शेल चालवून पाहिला. मुद्दाम दोनशे अक्षरांच्या ओळी घातल्या. पडला नाही. माझी जागा राहिली. पुढची दोन वर्षं राहिली.

तेवढं लिहून हे पत्र संपवायचं होतं.

काल चौकटीसाठी चांगला ठसा निवडावा म्हणून तुमची सगळी पत्रं पलंगावर मांडली. या वर्षातली सात आहेत. अडीच महिने मी एकच काम केलं आहे, वहिनी. आकड्यांचे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवायचे आणि जे बदलायला नको ते कुठे बदललं, हे शोधायचं. ती खोड डोळ्यांना लागली आहे. मी बघायचं ठरवलं नव्हतं. दिसलं.

पहिल्या पाच पत्रांत व्रणाची रेघ अंगठ्याच्या टोकापासून निघते आणि पेराच्या बाहेरच्या कडेला उतरते. पाचही ठशांत तशीच. ऑक्टोबरच्या पत्रात ती मधूनच निघते. डिसेंबरच्या पत्रात आणखी खाली, जवळजवळ आडवी. आणि या दोन्ही रेघांना बारीक पीळ आहे. दोरा गुंडाळल्यासारखा.

व्रण सरकत नाही, वहिनी.

मग मी ती दोन पत्रं पुन्हा वाचली. पडल्या पडल्या ऐकत होत्या. खोकला थांबला आहे. दादा कमी बोलतात. ती काय म्हणाली ते लिहा म्हटलं होतं, तुम्ही लिहिलं नाहीत. एवढं सगळं समोर असून मी वाचलं नव्हतं. सप्टेंबरात ती भिजली, खोकते आहे, असं तुम्ही लिहिलंत आणि मी उत्तर दिलं, सगळं ठीक चाललंय हे वाचून बरं वाटलं. हे मी माझ्या हातानं लिहिलं.

मी चुकत असेन. शंभरदा चुकलो आहे. आईच्या हाताला काही लागलं असेल, चिंधी बांधली असेल, आणि तुम्ही मला हसाल. हसा. मी तुमच्या पाया पडतो, माझी चूक आहे असं लिहा.

आणि नसेल तर खरं लिहा. आणि एवढं एक वेगळं लिहा. वर जाऊन बघ, हे आई बोलली होती, की तेही तुमचंच? मला आता काय तिचं आणि काय तुमचं, कळत नाही. त्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

जगन

*

३ जानेवारी १९७८

जगन,

आज भावजी म्हणवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, माझ्या हाताला धरून ओढ्यावर यायचास. तसंच लिहिते.

आई गेली. चोवीस ऑक्टोबरला, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास. पाणी मागितलं, मी भांडं तोंडाशी नेलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेवढंच. दादा, मी आणि साळूबाई जवळ होतो. भिजल्या दिवसापासूनचा खोकला छातीत उतरला होता. दसऱ्याच्या आठवडाभर आधी दादांनी त्यांना एस.टी.नं भोरला डॉक्टरकडे नेलं, सुया दिल्या, औषध दिलं. परत येताना गाडी अर्ध्यावर बंद पडली तर त्या दादांच्या पाठीवर बसून येताना म्हणाल्या, "तुला म्या वाहिला, आता तू मला वाहा." संध्याकाळी ओढ्याकाठी माती दिली त्यांना. वस्तीतल्या कुंडलिकदादांनी बुद्धवंदना म्हटली. सगळी वस्ती होती. गेनबासुद्धा आला, लांब उभा राहून रडत होता.

दादा त्याच दिवशी तार करायला भोरला निघाले होते. मी त्यांना एस.टी.तून खाली उतरवलं, चारचौघांत. तुझं पत्र चारच दिवस आधी आलं होतं, की ये म्हणाली तर मिळेल त्या विमानानं निघतो. तार मिळाली असती तर तू निघाला असतास आणि परत गेला नसतास. हे मी एकटीनं ठरवलं नाही. पत्र ऐकून त्यांनीच मला बजावलं होतं, "काम झाल्याबिगर त्याला सांगायचं न्हाई. माझी आण हाय." दादांनी ते ऐकलं होतं. तरी ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचं चुकलं नाही. माझं चुकलं का, ते तू ठरव. तू मला कधी पत्र लिहिलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर. वर जाऊन बघ, हे अक्षर न् अक्षर त्यांचं आहे. एकवीस तारखेला बोलल्या, शुक्रवारी. मी शेजारी बसून लिहून घेतलं आणि पत्रात तसंच उतरवलं. मला कुठून सुचणार ते? खोकला थांबला हे मी माझ्या मनानं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

शब्द त्यांचे, अंगठा माझा. डाव्या अंगठ्याला दोरा गुंडाळला, तव्यावर टेकवला. मला वाटलं होतं, तुला एवढा वेळ कुठे आहे बघायला.

आता राहिलं ते सांगते. ज्या दिवशी त्या बोलल्या, त्याच दिवशी म्हणाल्या, "येक निळं पत्र आण. कोरं." मला वाटलं, तापात बोलतात. मी म्हटलं, "आत्याबाई, कोऱ्या कागदावर तुमी अंगठा देत न्हाई." तर म्हणाल्या, "ठावं हाय मला. ह्ये पोराकडं जाणार हाय न्हवं? गेनबाच्या बापाकडं न्हाई. आण." उठवत नव्हतं. मी तवा पलंगाशी नेला. त्यांनी आपल्या हातानं अंगठा टेकवला आणि बराच वेळ दाबून धरला. म्हणाल्या, "आता लिव्ह तुला काय लिव्हायचं त्ये. माझ्या नावानं लिव्ह. म्या असंन नसंन."

जगन, त्या पत्रावर मी लिहू शकले असते. तुला कधीच कळलं नसतं. एकोणतीस तारखेला ते पुढ्यात घेऊन बसलेही होते. मजकूर तयार होता, पेन उघडलं होतं. पण त्यांच्या अंगठ्याच्या वर मला खोटं लिहवेना. जन्मभर ज्या बाईनं कोऱ्यावर अंगठा दिला नाही, तिनं एकदाच दिला, त्यावर मी काहीबाही भरायचं? म्हटलं, फसवायचं आहे तर अंगठाही माझाच पाहिजे. म्हणून तो दोरा.

ते निळं पत्र या पाकिटात घातलं आहे. दादा उद्या भोरला जाऊन स्वतः टाकणार आहेत, माझ्या हातून ते टपालपेटीत सोडवणार नाही. घडी जपून उघड, काजळी अजून बोटाला लागते. तळाशी त्यांचा अंगठा आहे, टोकापासून निघून बाहेरच्या कडेला उतरणारी रेघ आहे, तुझी खात्री पटेल. वर सगळी जागा मोकळी आहे. मी त्यात एक अक्षर घातलेलं नाही. तुला त्यांच्याकडून काय ऐकायचं असेल ते तूच लिही.

या पत्राखाली अंगठा नाही. सही आहे.

लीला सोपान रणपिसे